चौकट आधी, भिंत मागून

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत भिंतीवर तीन तसबिरी आहेत. एक शेगावच्या गजानन महाराजांची, दुसरी तुकडोजी महाराजांची आणि तिसरी माझ्या आजोबांची. आजोबांचा घरात एवढाच फोटो आहे, आणि तोही त्यांचा म्हणून काढलेला नाही. कुणाच्या तरी लग्नात मांडवाबाहेर दहाबारा माणसे ओळीने उभी राहिली होती, त्यांत आजोबा अगदी टोकाला होते. ते गेल्यावर एका स्टुडिओवाल्याने त्या फोटोतून तेवढेच कापून मोठे करून दिले. मागचा मांडव पुसून टाकला आणि तिथे निळा रंग भरला. पण आजोबांच्या उजव्या खांद्यावर एक हात तसाच राहून गेला. मनगटापर्यंतचा हात, बोटात अंगठी.

लहानपणी मला त्या हाताची भीती वाटे. "आजी, हा हात कोणाचा?" असे विचारले की आजी म्हणे, "तुह्या आजोबाच्या दोस्ताचा. लय जीव होता दोघाईचा." दोस्ताचे नाव तिला आता आठवत नाही. माणूस फोटोतून गेला, नावानेही गेला, हात मात्र राहिला.

फोटोत माणसाला कुठे उभे करावे, काय घ्यावे आणि काय सोडावे, याविषयी मी लिहायला बसले आहे. खरे तर हा लहान तोंडी मोठा घास आहे. माझ्याजवळ कॅमेरा नाही. दादाचा जुना मोबाइल आहे आणि त्याच्या काचेला एका कोपऱ्यात तडा गेला आहे. पण या दीड वर्षात त्या मोबाइलने मला जे शिकवले, त्याची सुरुवात एका अपराधापासून झाली. तो आधी सांगितला पाहिजे, म्हणजे पुढचे सांगण्याचा मला हक्क पोहोचेल.

माझ्या प्रवेशाचा तो दिवस. आमच्या घरात बारावीच्या पुढे कोणी गेलेले नाही. दादा दहावीनंतर बाबांबरोबर कामाला लागला. बाबा सुतार आहेत. दारे-खिडक्यांच्या चौकटी करणे आणि त्या बसवणे हे त्यांचे मुख्य काम. त्या दिवशी ते कामावरूनच परस्पर कॉलेजात आले. शर्टावर भुसा, कानामागे पेन्सिल, हातात हत्यारांची कॅनव्हासची पिशवी. अर्जावर 'पालकाचा व्यवसाय' असा एक रकाना होता. त्यात मी 'फर्निचर' असे लिहिले. बाबांनी सही करताना ते वाचले की नाही, मला ठाऊक नाही.

बाहेर आल्यावर फाटकाजवळच्या चौकीदारकाकांनी आमचा फोटो काढला. कॉलेजची कमान, खाली मी, माझ्या शेजारी बाबा आणि मागे त्यांची जुनी लुना. रात्री तो फोटो मला स्टेटसला ठेवायचा होता. मी मोबाइलवर बोटाने फोटोची कड आत ओढू लागले. आधी लुना गेली, मग बाबांची चप्पल, मग बाबा गेले. कमानीखाली मी एकटी उरले. फोटो छान दिसत होता, हे लिहायला आज लाज वाटते, पण दिसत होता.

दुसऱ्या दिवशी नव्याने ओळख झालेल्या एका मैत्रिणीने विचारले, "तुझ्या फोटोत डाव्या बाजूला ती लाकडी मूठ कसली गं?" मी पाहिले. पिशवीतून बाहेर डोकावणाऱ्या करवतीची मूठ कडेला राहून गेली होती. मी म्हटले, "काय की! असेल कोणाचे तरी काही." अख्खा फोटो मी जपून ठेवला नव्हता. कापलेलाच जपला होता. पुढे पावसात तो मोबाइल बिघडला, आणि कापलेलाही गेला.

त्याच वर्षी जानेवारीत राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर काटोल तालुक्यातल्या एका गावी होते. तोवर दादाचा दुसरा मोबाइल माझ्याकडे आला होता. शिबिराचे फोटो काढायचे काम सरांनी मला दिले, कारण दुसऱ्या कोणी हात वर केला नाही. सात दिवसांत मी दीडएकशे फोटो काढले. परत आल्यावर सरांनी ते सगळे शांतपणे पाहिले आणि अहवालासाठी तीन निवडले. बाकीच्यांत काय होते? सरपंचांच्या डोक्यातून कडुलिंबाची फांदी उगवली होती. दंततपासणीत डॉक्टरांना धड नव्हते. गावच्या म्हाताऱ्यांच्या बैठकीत अर्धा फोटो आकाश आणि अर्धा सतरंजी, मधल्या पट्टीत मुंग्यांएवढी माणसे. तळ्याचे पाणी एका बाजूने सांडेल की काय, असे तिरपे झाले होते.

सर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तू माणसे पाहतेस. माणसाच्या भोवती काय आहे, ते पाहत नाहीस. बटण दाबण्याआधी चारही कोपऱ्यांना एकदा भेट देऊन ये."

कोपऱ्यांना भेट देणे! ही इतकी साधी गोष्ट आहे, की ती सांगायला सर कशाला लागावेत, असे वाटेल. पण करून पाहा. आपण फोटो काढतो तेव्हा आपली नजर एखाद्या चेहऱ्यावर चिकटून बसते. डोळा हवे तेवढेच पाहतो, नको ते विसरतो. मोबाइलला विसरता येत नाही. त्याच्यासमोर जे आहे ते तो सगळेच घेतो. डस्टबिन, खांब, कोणाचा तरी अर्धा कोपर. म्हणून बटण दाबण्याआधी नजर मधून काढून कडांवर फिरवायची. वरची कड, उजवी, खालची, डावी. काही नकोसे आत शिरले असेल तर एक पाऊल बाजूला व्हायचे. सरपंचांच्या डोक्यातली फांदी काढायला कुऱ्हाड लागत नाही, दोन पावले पुरतात. मी ती दोन पावले टाकली नव्हती, इतकेच.

सरांनी मोबाइलच्या कॅमेऱ्यात जाळीच्या रेघाही लावून दिल्या. दोन उभ्या, दोन आडव्या, नऊ चौकोन. क्षितिज मधोमध न ठेवता वरच्या किंवा खालच्या रेघेवर ठेवायचे आणि माणूस उभ्या रेघेवर. या तिसऱ्या हिश्शाच्या नियमाला हे नाव जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली एका पुस्तकात दिले. म्हणजे कॅमेरा जन्मण्याच्या कितीतरी आधी! माणूस ज्या दिशेला पाहतो आहे त्या बाजूला जागा जास्त सोडायची, नाहीतर तो भिंतीला नाक लावून उभा असल्यासारखा दिसतो. हे सगळे मी वहीत उतरवून घेतले. परीक्षेच्या नोट्ससारखे पाठही केले. पण फोटो काही सुधारेनात. मधोमध मुंग्या होत्या, त्या एका रेघेवर गेल्या, एवढाच फरक पडला.

मग उन्हाळ्याची सुटी लागली. बेसा भागात एका छोट्या घराचे काम चालले होते. बाबा आणि दादा तिथे होते. दुपारचा डबा घेऊन मी जाऊ लागले.

ज्यांनी घर बांधताना पाहिलेले नाही, त्यांना वाटते की आधी भिंती होतात, त्यांत भोक ठेवतात आणि मग त्या भोकात दार बसवतात. मोठ्या इमारतींचे काम निराळे, तिथे आधी कॉलम आणि स्लॅब होतात. पण साध्या घराला अजूनही जोते झाले की चौकट उभी राहते. मोकळ्या जागेत, भिंतीशिवाय, नुसती चौकट! तिला दोन्ही बाजूंनी टेकू लावतात. घरमालकीण हळदकुंकू वाहते, नारळ फुटतो. आणि मग गवंडी तिच्या दोन्ही अंगांनी विटा रचत जातो. मी बाबांना म्हटले, "म्हणजे भिंतीत चौकट बसवत नाहीत का?" बाबा हसले. "पोरी, भिंतीले चौकट नाई बसवत. चौकटीले भिंत बसवतात."

त्या दुपारी मी प्रथमच बाबांचे काम नीट पाहिले. एकोणीस वर्षांच्या मुलीने हे वाक्य लिहावे, हे बरे नव्हे. पण खरे आहे. त्यांनी ओळंबा सोडला. दोरीच्या टोकाचे ते वजन झुलत झुलत स्थिर होईपर्यंत ते थांबले. चौकटीचा उभा खांब दोरीशी जुळतो की नाही हे एकदा समोरून पाहिले आणि एकदा बाजूने. मग गुण्या कोपऱ्यात लावून काटकोन तपासला. आणि शेवटी टेपने तिरपे माप घेतले, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत, आणि मग उलट. "दोन्ही तिरपी मापं एक आली का चौकट गुण्यात हाय. नाई तं दार आयुष्यभर कुरकुर करते."

मला माझे काटोलकडचे तिरपे तळे आठवले.

मी त्यांना सांगितले, की सर म्हणतात, पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे कापावेत, ते एकमेकांवर धरून चौकोन करावा आणि त्यातून जग पाहण्याची सवय करावी. चौकोन लहानमोठा, उभा-आडवा करता येतो. फोटो न काढताच फोटो काढता येतो! बाबांनी पिशवीत हात घातला. लहान गुण्या आणि मोठा गुण्या काढला, एकावर एक उलटे धरले आणि डोळ्यांपुढे नेले. "असं?" तसेच ते होते. मग मला समोरच्या आंब्याकडे वळवून ते म्हणाले, "आता बुडखा दाखवू का शेंडा? दोन्ही पाह्यशील तं दोन्ही लहान होतीन."

आमच्या सरांनी आणि बाबांनी एकमेकांना अजून पाहिलेले नाही.

तिथून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. फोटोत माणूस शोधत फिरायचे नाही. आधी चौकट शोधायची. दार, खिडकी, कमान, जिन्याचा कठडा, दोन झाडांमधली फट, काहीही चालते. ती ओळंब्यात धरायची, कोपरे पाहून घ्यायचे आणि मग थांबायचे. माणूस आपोआप येतो. चौकट आधी, भिंत मागून.

हे शहाणपण माझे एकटीचे नाही, हे नंतर कळले. आमच्या वाचनालयात फोटोग्राफीवर एक जाडजूड पुस्तक आहे. त्यात हेन्री कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराचा १९३२ सालचा एक फोटो आहे, इयेर नावाच्या गावचा. वरून पाहिलेला दगडी जिना, त्याचा वळत जाणारा कठडा, आणि खाली गल्लीतून भरधाव निघालेला, थोडा अस्पष्ट झालेला सायकलवाला. तो फोटो पाहताना वाटते, की हा माणूस जिन्याच्या चौकटीपाशी आधी येऊन थांबला असावा आणि सायकल मागून आली असावी. हेच गृहस्थ पुढे आपल्याकडे आले होते. ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींची हत्या होण्याच्या काही वेळ आधी, दिल्लीत ते त्यांना भेटले होते. पण मला तो सायकलवालाच जास्त आठवतो. तो आमच्या पाचपावलीतूनही निघू शकतो.

मग मी नागपुरात चौकटी शोधू लागले. महालात गांधी गेट आहे, पूर्वीचा जुम्मा दरवाजा. भोसल्यांच्या शहराच्या वेशीचा हा दरवाजा आज रहदारीच्या मधोमध उभा आहे. सकाळी लवकर, गर्दी होण्याआधी, कमानीच्या सावलीत उभे राहून पलीकडे पाहिले की कमान काळी होते आणि तिच्या आत रस्ता उजळतो. इथे एक गोष्ट सांभाळावी लागते. मोबाइल त्या उजेडाने गोंधळतो. बोट उजेडात उभ्या असलेल्या माणसावर ठेवले तर कमान काळीभोर होऊन माणूस खुलतो. बोट कमानीवर ठेवले तर दगड दिसतो, पण माणूस उन्हात विरघळून जातो. दोन्ही एकदम मागू नये. मी तीन सकाळी गेले. एकदा मोसंबीचा हातगाडीवाला नेमका मधे आला, आणि मागच्या ऑटोवाल्याने असा काही हॉर्न दिला की माझा हात हलला. तो फोटो हललेलाच आहे. तरी मी तो पुसलेला नाही.

दीक्षाभूमीला मात्र तिसऱ्या हिश्शाचा नियम मी गुंडाळून ठेवला. २००१ साली लोकार्पण झालेल्या त्या स्तूपाला चार दिशांना चार दारे आहेत. तिथे मधोमधच उभे राहावे लागते. अर्धे पाऊल इकडेतिकडे झाले तरी डोळ्याला खटकते. बाबांची तिरपी मापे तिथे उपयोगी पडली. मनातल्या मनात चौकटीचे दोन्ही कर्ण ओढायचे आणि घुमटाचा कळस त्यांच्या उभ्या रेषेत आणायचा. झिरो माइलला उलटे झाले. तो दगडी खांब आणि ते चार घोडे उभे राहून टिपले की मागे रस्त्याची सगळी गिचमीड येते. मी फुटपाथवर मांडी घालून बसले, तर मागचे सगळे खाली गेले आणि घोड्यांमागे आकाश आले. जाणारे-येणारे थांबून पाहत होते. पोरीचे काही हरवले असावे, असे त्यांना वाटले असेल.

खाली बसण्याचा धडा मात्र खरा मिळाला तो तान्ह्या पोळ्याला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुले लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात आणि बोजारा मागतात. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली ही चाल पाडली, असे सांगतात. बाबा त्या महिन्यात रात्री जागून नंदी करतात. उरल्यासुरल्या सागाचे लहान नंदी, खाली चार चाके. आतापर्यंत मी मुलांचे फोटो उभ्या उभ्या काढत असे. त्यांत मुलांची डोकी मोठी आणि पाय एवढेसे दिसत, नंदी तर पायपुसण्यासारखा! या वर्षी गुडघे टेकले. मोबाइल मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला आणि नंदीच्या दोन शिंगांमधून पाहिले. शिंगांच्या चौकटीत शेजारचा पाच वर्षांचा मुलगा, हातात दहाची नोट. तो नोटेकडे पाहत होता, माझ्याकडे नाही. माझ्या मते माझा पहिला बरा फोटो हाच.

त्याच दिवशी मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, असे वर्तमानपत्रांत दरवर्षी छापून येते. त्या गर्दीत आता मारबत कमी आणि वर केलेले मोबाइल जास्त दिसतात. मी त्या हातांवर आधी चिडले. मग लक्षात आले, की हे हात म्हणजेच चौकट आहे. दोन उंचावलेल्या हातांमधल्या फटीतून पिवळी मारबत डुलत येताना घेतली. शेवटी मोबाइल माझाही वरच होता. माझ्या मागच्याच्या फोटोत माझा हात असणारच, मनगटापर्यंतचा.

नाके, शिंगे, कमानी चालल्या होत्या. पण घरात मी एकाचाही नीट फोटो काढलेला नव्हता. बाबांचा तर नाहीच. "बाबा, उभे राहा ना," म्हटले की ते म्हणत, "माहा कायले? दाराचा काढ." आणि मी आग्रह करत नसे. खरे कारण मला ठाऊक होते. बाबांच्या फोटोचा विषय निघाला की मला ती मूठ आठवे.

मध्यंतरी वाचनालयातच मूळचे अकोल्याचे असलेले छायाचित्रकार सुधारक ओलवे यांच्याविषयी वाचले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईच्या सफाई कामगारांचे त्यांनी काढलेले कृष्णधवल फोटो मी सरांच्या संगणकावर पाहिले. आपण जी माणसे पाहून न पाहिल्यासारखे करतो, ती तिथे फोटोच्या ऐन मध्यात आहेत, आपल्या कामासकट, घाणीसकट. मी ते पाहत बसले आणि मला माझे बोट दिसू लागले, डावी कड आत ओढणारे.

दिवाळीच्या सुटीत हुडकेश्वरकडे एका घराची चौकट उभी राहायची होती. मी मुद्दाम सकाळीच गेले. आलापल्लीकडच्या सागाची जाड चौकट होती. हल्ली संडास-बाथरूमला ग्रॅनाइटच्या चौकटी आल्या आहेत, आतल्या खोल्यांना तयार दारे येतात. बाबांच्या वाट्याला बहुधा पुढचे दारच उरले आहे. म्हणून ते त्याच्यावर जास्त जीव लावतात. चौकट जोत्यावर उभी होती, टेकू लागलेले होते. भिंत कुठेच नव्हती. चौकटीतून पलीकडे पाहावे तर रिकामे प्लॉट, दूर एक बाभूळ आणि वर भरपूर आकाश. चौकटीच्या बाहेरही तेच आकाश!

मी विटांच्या थप्पीवर बसले. मोबाइल गुडघ्यावर टेकवून धरला. जाळीच्या रेघेशी चौकटीचा खांब जुळवला. कोपऱ्यांना भेट दिली. वर टेकूचे टोक कापले जात होते, म्हणून थप्पी सोडून दोन हात मागे सरले. मोबाइलवर दोन बोटांनी दृश्य जवळ ओढता येते, पण ते ओढणे म्हणजे बहुतेक वेळा फोटो कापणेच असते. पायांनी जवळ-लांब होणे चांगले. उजव्या कोपऱ्यात खाली बाबांची पिशवी ठेवलेली होती. ती मी हलवली नाही.

पाऊणएक तास गेला. बाबा मापे घेत होते, दादाला ओरडत होते, पाणी पीत होते. माझ्याकडे त्यांचे लक्ष नव्हते. मग ते ओळंबा घेऊन चौकटीत आले. एक हात वर खांबावर, दुसऱ्या हातात दोरी, नजर खाली वजनाकडे. ओळंबा झुलायचा थांबेपर्यंत तेही थांबले. मी तेव्हा बटण दाबले.

डबा खाताना मी फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल हातात घेऊन बराच वेळ पाहिला. आधी चौकट पाहिली, ती सरळ आली आहे की नाही ते. मग म्हणाले, "बरा आला." आणि मग, पोळीचा तुकडा मोडता मोडता, "त्या दिवशीचा हाय का? तुह्या कॉलेजच्या गेटचा?"

माझा घास घशातच राहिला. मी म्हटले, "नाही बाबा. तो मोबाइल बिघडला ना." तेवढ्यावर सोडून देता आले असते. दादाही समोर होता. पण मी म्हटले, "आणि बाबा, मी तो कापला होता. तुम्हाला कापले होते."

"मले माहीत हाय," बाबा म्हणाले. "दाद्यानं दाखवला होता. माह्या करवतीची मूठ दिसून राह्यली होती न त्यात."

मी रडू लागले. दादा उगाच उठून पाणी आणायला गेला. बाबा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ती मूठ मीच केली हाय. पयलीची तुटली होती." आणि डब्याचे झाकण लावून ते उठले, कारण गवंडी खोळंबला होता.

हा फोटो मोठा करून घ्यायला मी स्टुडिओत गेले. स्टुडिओवाल्याने सांगितले, की आठ बाय बाराचा काढला तर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच जाईल. मला कारण विचारल्याशिवाय राहवेना. पूर्वीच्या रिळाची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर असे, म्हणजे तीनास दोन. आठ बाय बारा तिच्याच मापाचा. मोबाइलचा फोटो बहुधा चारास तीन. तो त्यात पुरता बसत नाही. अर्धा इंच म्हणजे काय जाईल, ते मी काचेखाली पाहिले. डावीकडून टेकू. उजवीकडून पिशवी आणि तिच्यातून डोकावणारी मूठ.

"मग नऊ बाय बारा काढा," मी म्हटले.

"त्या मापाची फ्रेम तयार भेटणार नाही, ताई."

घरी येऊन हे सांगितले तर बाबा म्हणाले, "तयार नसन तं मी कायले हाय?" सागाच्या चार पट्ट्या त्यांनी उरलेल्या मालातून काढल्या. रंधा मारला, कोपरे जुळवले आणि सवयीने दोन्ही तिरपी मापे घेतली. आजी म्हणते, की जित्या माणसाचा फोटो मेलेल्याच्या रांगेत लावू नये. म्हणून तो आजोबांच्या शेजारी नाही, समोरच्या भिंतीवर लागणार आहे. खिळा दादाने ठोकून ठेवला आहे. काच तेवढी अजून आणायची आहे.